पोरगं शाळेतच जात नाही, मग दिवसभर करतं काय? होमस्कूलिंगचा कायदा, दाखल्याची भानगड आणि शहाळ्याएवढा सूर्य

मागच्या रविवारी ताईकडे तळवलीला गेले होते. घणसोली स्टेशनला उतरून रिक्षा केली आणि गल्लीच्या तोंडाशी उतरले, तर रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकच्या स्टुलावर एक शहाळं ठेवलेलं. त्यावर मार्करने लिहिलेलं, 'सूर्य. हात लावू नये.'

तिथून पंधरा मीटरवर माझा भाचा उकिडवा बसला होता. समोर फरशीवर मोहरीचा एक दाणा.

"मावशी, बाजूला हो! तू पृथ्वीवर पाय देशील."

भाचा साडेआठ वर्षांचा आहे आणि तो शाळेत जात नाही. दांडी मारतो असं नाही, त्याचं नावच कुठल्या शाळेच्या हजेरीपटावर नाही. बालवाडी झाली आणि ताई-भावजींनी त्याला पहिलीत घातलंच नाही. ते त्याला घरीच शिकवतात. त्याचं स्वतःचं म्हणणं विचाराल तर तो अंतराळयानाचा कॅप्टन आहे, बाबा इंजिन रूममध्ये आहे, आई नकाशे बघते आणि आज्जी म्हणजे कंट्रोल रूम. मला अजून हुद्दा मिळालेला नाही.

ही कंट्रोल रूम म्हणजे माझी आई. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली. नातवाच्या या शिक्षणाबद्दल तिचे दोन प्रश्न गेली तीन वर्षं घरात फिरतायत. हे कायदेशीर आहे का? आणि दहावीचं काय? मी पत्रकार, म्हणजे मला सगळं माहीत असणार अशी घरच्यांची समजूत आहे. शेवटी मी बसून कायदा वाचला. ते सांगतेच, पण आधी ते शहाळं.

रस्त्यावर सूर्य का ठेवला होता?

सूर्याचा व्यास आहे साधारण १४ लाख किलोमीटर. भाच्याने टेप घेऊन बाजारातून बरोबर १४ सेंटीमीटरचं शहाळं शोधून आणलं. म्हणजे हिशेब सोपा झाला, १ सेंटीमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर.

आता याच मापाने पृथ्वी सव्वा मिलिमीटरची, म्हणून मोहरीचा बारीकातला बारीक दाणा. सूर्यापासून तिचं अंतर १५ कोटी किलोमीटर, म्हणजे १५ मीटर. चंद्र मोहरीपासून जेमतेम दोन बोटांवर. हे दोन बोटांचं अंतर कापायला चांद्रयान-३ ला ४० दिवस लागले होते, १४ जुलै २०२३ ते २३ ऑगस्ट. गुरू एका करवंदाएवढा, ७८ मीटरवर, इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी. नेपच्यून मटकीचा दाणा, साडेचारशे मीटरवर. तिथपर्यंत आम्ही चालत गेलो. मटकी एका पानटपरीच्या कट्ट्यावर ठेवली आणि ती कशासाठी ते टपरीवाल्या काकांना समजावून सांगितलं. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ या हिशेबात घरापासून अडीच किलोमीटरवर पोचलंय.

"आणि सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा?" मी विचारलं.

त्याने खिशातून कागद काढला. शून्यं मोजत बसला, एकदा चुकला, परत मोजली. ४० लाख कोटी किलोमीटर भागिले १ लाख. उत्तर आलं चार हजार किलोमीटर. म्हणजे एक शहाळं तळवलीत आणि पुढचं साधारण सिंगापूरला. मधे काही नाही.

खरं सांगते, मास कम्युनिकेशनची पदवी घेऊन मी अंतराळावर चार-पाच बातम्या केल्यात, 'प्रकाशवर्ष' हा शब्द दहा वेळा टाइप केलाय. पण अवकाश किती रिकामं आहे ते मला त्या पानटपरीपाशी उभं राहून कळलं.

याच मापात प्रकाश किती वेगाने जातो? सेकंदाला ३ लाख किलोमीटर, म्हणजे ३ सेंटीमीटर. "मुंगीएवढा!" भाचा ओरडला. त्याने लगेच सूर्याजवळ साखर टाकली आणि मुंग्यांची वाट बघत बसला. शहाळ्यापासून मोहरीपर्यंत मुंगीला सव्वाआठ मिनिटं लागायला हवीत, कारण सूर्यप्रकाशालाही तेवढीच लागतात.

हे कायदेशीर आहे का?

आता मुद्द्यावर येऊ. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण मिळालं पाहिजे, असं तो सांगतो. त्यातलं कलम १० पालकांबद्दल आहे. मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय.

मग ताई-भावजी गुन्हेगार झाले का? नाही. हे कर्तव्य पाळलं नाही म्हणून पालकांना दंड किंवा कैद, असं या कायद्यात काही नाही. परवानगीशिवाय शाळा चालवणाऱ्याला एक लाखापर्यंत दंड आहे, पण आपल्याच मुलाला आपल्याच घरी शिकवणाऱ्याबद्दल कायदा गप्प आहे. 'सक्तीचं' या शब्दाचा अर्थही कायद्याने सांगितलाय, आणि ती सक्ती सरकारवर आहे. मूल शाळेत येईल, टिकेल आणि शिक्षण पूर्ण करेल हे बघायचं काम सरकारचं.

होमस्कूलिंगचा उल्लेखच नाही का? एका ठिकाणी जवळपास जाणारी गोष्ट सापडते. २०१२ च्या दुरुस्तीत गंभीर किंवा एकाहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घ्यायचा पर्याय दिला गेला. बाकी मुलांसाठी तसा पर्याय लिहिलेला नाही आणि बंदीही लिहिलेली नाही. देशात घरी शिकणारी मुलं आहेत, 'स्वशिक्षण' नावाची त्यांच्या पालकांची संघटनाही आहे. ते सगळे या मधल्या फटीत राहतात.

हे सगळं मी आईला वाचून दाखवलं. मला वाटलं, आता ती निर्धास्त होईल. पण ती जे बोलली ते मला कुठल्याही लेखात वाचायला मिळालं नव्हतं.

४ जुलै २०१५ रोजी राज्यात एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं होतं. शिक्षक घरोघर, बाजारात, वीटभट्ट्यांवर फिरले होते. त्यात आईही होती. "भट्टीवरचा प्रत्येक जण हेच सांगायचा," ती म्हणाली, "बाई, पोरगं घरीच शिकतंय. आणि पोरगं समोर विटा उचलत असायचं. उद्या कायद्यात लिहिलं की घरी शिकवलं तरी चालेल, तर त्या पोराला शाळेत कोणत्या तोंडाने ओढून आणू?"

मी गप्प. ताईपण गप्प. कायद्यात सूट का लिहीत नाहीत, याचं इतकं सरळ उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. ताईच्या घरात जी फट सोयीची आहे, तीच भट्टीवरच्या पोरासाठी घातक ठरू शकते. आईचं दुःखही तेच. दुसऱ्यांची पोरं शाळेत आणण्यात जन्म गेला, आणि सर्वेक्षणाला उद्या कुणी तळवलीत आलं तर यादीत स्वतःचाच नातू.

दहावीचं काय?

हा प्रश्न सोपा नाही, पण बंद गल्लीही नाही. तीन वाटा आहेत.

पहिली सगळ्यांना माहीत असलेली, १७ नंबरचा फॉर्म. राज्य मंडळाची दहावी बाहेरून देता येते. पण तिथे आधीच्या शाळेचा दाखला मागतात. ज्याचं नाव कधी शाळेत नव्हतंच त्याच्याकडे दाखला कुठून येणार? भाच्याची अडचण नेमकी इथे आहे.

दुसरी वाट राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची. तिथे पाचवी आणि आठवीच्याही परीक्षा देता येतात, पाचवीसाठी वय १० पूर्ण, आठवीसाठी १३. तिसरी एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची. केंद्राची ही संस्था १९८९ पासून आहे. १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं, बारावीसाठी १५, परीक्षा वर्षातून दोनदा, मराठी माध्यमातूनही. आयआयटीच्या जेईईला ही बारावी चालते.

आणि बेत बदलला तर? कायद्याचं कलम ४ इथे कामाला येतं. सहा वर्षांवरचं मूल कधीच शाळेत गेलेलं नसेल तर त्याला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. उद्या भाचा म्हणाला, मला शाळेत जायचंय, तर त्याला पहिलीपासून सुरुवात करावी लागणार नाही. हे ताईला माहीत नव्हतं. दीड वर्षाने तो दहाचा होईल, तोवर ठरवायचंय की मुक्त मंडळाची पाचवी की सरळ शाळा. तिने तो कलमाचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवला, दुधाच्या हिशेबाशेजारी.

मालविका जोशीचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच

होमस्कूलिंगचा विषय निघाला की कुणीतरी मुंबईच्या मालविका जोशीची बातमी फॉरवर्ड करतंच. सातवीत शाळा सोडलेली मुलगी, २०१६ साली सतराव्या वर्षी थेट अमेरिकेतल्या एमआयटीत. दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नसताना. बातमी खरी आहे. आंतरराष्ट्रीय प्रोग्रामिंग ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदकं मिळवली होती, दोन रौप्य आणि एक कांस्य. एमआयटीने तीच बघितली.

पण फॉरवर्डमधून एक गोष्ट हमखास गळते. तीच मालविका आपल्या आयआयटीत जाऊ शकत नव्हती, कारण तिथे बारावी लागते. भारतात तिला दार उघडलं ते चेन्नईच्या गणितीय संस्थेने. ज्या देशात तिने पदकं आणली तिथल्या सगळ्यात मोठ्या परीक्षेला तिला बसता आलं नसतं. म्हणून माझं मत, तिच्या गोष्टीतून 'शाळा सोडा, एमआयटी मिळेल' असा अर्थ कुणी काढू नये. बारावीचा कागद नसेल तर त्याच्या जागी जागतिक पदक लागतं, आणि ते किती जणांना मिळतं?

दुसरी गळलेली गोष्ट, मालविकाला घरी शिकवण्यासाठी तिच्या आईने नोकरी सोडली होती. याकडे परत येऊ.

नारळीकरांच्या घरातला फळा

ताईच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी एक पांढरा बोर्ड आहे. ही कल्पना तिने ढापलीये, आणि कुणाकडून ढापलीये ते ऐका.

जयंत नारळीकरांचं लहानपण बनारसला गेलं. वडील तिथल्या हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. घरात मुलांसाठी भिंतीवर फळे लावलेले. त्यांचे मामा मोरेश्वर हुजुरबाजार त्यांच्याकडे राहायला होते. ते फळ्यावर एखादं गणित लिहून ठेवायचे आणि वर आव्हान, खास जयंतासाठी. ते गणित सुटेपर्यंत किंवा भाच्याने हार मानेपर्यंत पुसायचं नाही. नारळीकरांनी ही आठवण पुढे अनेकदा सांगितली. गंमत म्हणजे नारळीकर रीतसर शाळेत जात होते. फळा होता तो शाळेशिवायचा.

याच नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नाव बदलून. नारायण विनायक जगताप. आपल्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंनी लिहून काढली, आणि पहिलं बक्षीस मिळालं. भाच्याला कथेपेक्षा हा किस्सा जास्त आवडतो. तेव्हापासून बोर्डवरची आव्हानं उलट्या आद्याक्षरांच्या सहीने येतात, म्हणजे कुणी लिहिलं ते कुणालाच कळू नये. घरात माणसं चार. अक्षर एकाचंच इतकं वाईट.

गेल्या महिन्यात बोर्डवर हे आलं. 'आज्जीसाठी आव्हान : मंगळावर डाळ शिजायला कुकरच्या किती शिट्ट्या?'

भावजी म्हणाले, मंगळावर हवा पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, पाणी तिथे उघड्या भांड्यात टिकणारच नाही, कुकर लागणारच. ताई म्हणाली, कुकर बंद असतो ना, मग बाहेर काही का असेना, चार शिट्ट्या. आव्हान तीन दिवस बोर्डवर होतं. चौथ्या दिवशी सकाळी आईने भांडी घासताना शिट्टी हातात घेतली आणि विचारलं, "ही एवढी जड का असते रे?"

तिथे कोडं फुटलं. कुकरची शिट्टी वजनावर चालते. आतल्या वाफेचा दाब त्या वजनाला उचलण्याएवढा झाला की ती उडते. पृथ्वीवर त्यामुळे आतला दाब बाहेरच्या हवेच्या जवळपास दुप्पट होतो आणि पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ झटपट शिजते. पण मंगळावर गुरुत्वाकर्षण ३८ टक्केच. शिट्टीचं वजनही तेवढंच. शिवाय बाहेरून दाबणारी हवा जवळजवळ नाही. म्हणजे ती फार लवकर उडणार. भावजींनी तक्ता काढून बघितलं, त्या दाबाला पाणी साधारण ७५ अंशांना उकळतं.

म्हणजे उत्तर? कितीही शिट्ट्या करा, तूरडाळ काही धड शिजणार नाही. मंगळावर जाताना शिट्टी अडीचपटीहून जास्त जड न्यावी लागेल, आणि बाहेर हवा नाही त्याची भरपाई धरली तर पाचपट.

आईने हे बोर्डवर लिहिलं, खाली सही केली आणि शिक्षिकेच्या सवयीने स्वतःलाच दहापैकी दहा दिले. तिचं मत बदललंय का? अजिबात नाही. "हे शाळेतून आल्यावरपण करता येतं," ती म्हणते. मला ते खोडता आलेलं नाही.

एकटा पडत नाही का?

हा प्रश्न शेजारपाजारचे सगळे विचारतात. संध्याकाळी साडेपाचनंतर गल्लीत पंधरा पोरं असतात आणि भाचा त्यात असतो, त्यामुळे संध्याकाळची काळजी नाही. सकाळी साडेसातला मात्र सगळी पोरं दप्तरं घेऊन निघतात तेव्हा तो खिडकीत उभा असतो. परवा त्याने विचारलं, "डबा खायच्या सुट्टीत नक्की काय करतात?" ताईने त्या दिवशी डबा भरला आणि दोघं खाडीकडे फ्लेमिंगो बघायला गेले. पण प्रश्न डब्याचा नव्हता, हे तिलाही माहीत आहे.

आणि याची किंमत कोण देतं?

ताई आधी आयटी कंपनीत पूर्ण वेळ नोकरी करायची. आता घरून अर्धवेळ करते, पगार निम्म्याहून कमी. भावजींची नोकरी आहे तशीच आहे. मालविकाच्या घरीही नोकरी आईनेच सोडली होती. मूल शाळेबाहेर काढायचा निर्णय दोघांचा असतो, पण दुपारी दोन वाजता अपूर्णांक शिकवायला घरी कोण असतं ते बघा.

मी हे भावजींना जेवताना विचारलं. ते थोडा वेळ पोळीशी खेळत बसले, मग म्हणाले, ऑफिसात आठवड्यातले दोन दिवस घरून काम मागून बघतो. मागितलं का ते अजून कळलेलं नाही. कळलं की सांगेन.

ज्या घरात दोघांनाही सकाळी आठची लोकल पकडावी लागते, तिथे हा पर्यायच नाही, हेही सांगितलं पाहिजे. अशा घरांसाठी मात्र मुंबईत बरंच काही आहे. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आणि तारांगण रविवारच्या फेरीत होतं. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन आहे. अरविंद गुप्तांच्या वेबसाइटवर टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायच्या कृती आणि शेकडो पुस्तकं फुकट आहेत, मराठीतसुद्धा. ज्यूल व्हर्न आवडत असेल तर भा. रा. भागवतांची रूपांतरं शोधा. आणि भिंतीवरचा बोर्ड तर कुणालाही लावता येतो.

अरे हो, ती मुंगी. साखरेपाशी आलेली पहिली मुंगी आम्ही घड्याळ लावून बघत होतो. तीन मिनिटं ती सरळ पृथ्वीच्या दिशेने निघाली होती, वेगही बरोबर. शुक्र ओलांडायच्या आत तिने डावीकडे वळण घेतलं आणि घरमालकीण काकूंच्या उंबऱ्याखाली गेली. भाच्याने वहीत नोंद केली, 'प्रकाश काकूंच्या गुळाच्या डब्यात गेला. प्रयोग उद्या परत.'